नकाशावर जंगल वाढलं

आमच्या धंद्यात झाड लाल दिसतं. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, बाईंच्या बोलण्यात काहीतरी गडबड आहे. गडबड नाही. हिरवं पान सूर्याच्या उजेडातला एक असा भाग भरभरून परत फेकतं, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. उपग्रहाला तो दिसतो. आता जे दिसत नाही ते पडद्यावर दाखवायचं तर त्याला कुठला तरी रंग द्यायला हवा, म्हणून आमच्या आधीच्या लोकांनी लाल दिला. त्यामुळे आमच्याकडे ऊस गडद लाल, गवत फिकट गुलाबी, नांगरून टाकलेलं रान निळसर करडं आणि धरणाचं पाणी काळंभोर. अशा उलट्यापालट्या रंगांत मी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर कितीतरी दिवस बाल्कनीसमोरचा आंबा पाहून मनात आधी लालच यायचं, मग हिरवं.

काम काय, असं लोक विचारतात. आकाशातून काढलेलं चित्र समोर घ्यायचं आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. हे शेत, हे जंगल, हे गवताचं माळरान, हे पाणी, ही वस्ती. मग काही वर्षांपूर्वीचं चित्र शेजारी ठेवायचं आणि काय बदललं ते सांगायचं. जमिनीवर काय आहे तेवढं आम्ही लिहायचं. ती कुणाची आहे, हे आमच्या नकाशात नसतं.

हे न समजल्यामुळे ऑफिसात एकेक नमुने यायचे. जुन्नरकडचे एक गृहस्थ आले होते. भावानं बांध हातभर सरकवलाय, तेवढं वरून बघून लिहून द्या म्हणाले. मी त्यांना समजावलं, की आमच्या चित्रातला एकेक ठिपका तुमच्या घरा-अंगणाएवढा असतो, हातभर जागा त्यात सापडायची नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढ्या वर जाऊन तुमी बघता तरी काय?"

दुसरे एक भीमाशंकरच्या रस्त्याला प्लॉट पाडून विकणारे होते. "मॅडम, तेवढा मागचा डोंगर जरा हिरवागार करून द्या. गिऱ्हाइकाला बरं वाटतं." मी त्यांना चहा पाजला आणि डोंगराचं चित्र आमच्या रंगांत छापून हातात दिलं. सगळा डोंगर रक्तासारखा लाल. ते परत आले नाहीत.

मी मूळची निरगुडसरची. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या गावाचं चित्र मोठ्या हौशीनं घरी नेलं होतं. वडिलांनी ते ओसरीवर पसरलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "आगं, गाव पेटलंय का काय?" मग हळूहळू त्यांना ओढा सापडला, रस्ता सापडला, आमचं वावर सापडलं. पुढे पाटाचं पाणी आलं, ज्वारी गेली, ऊस आला, आणि वर्षागणिक आमचं गाव माझ्या पडद्यावर बाराही महिने लाल दिसू लागलं. "लाल झालं म्हंजी बरंच झालं की," वडील म्हणायचे. बरंच झालं होतं. घरं पक्की झाली, पोरं शिकली. फक्त मार्गशीर्षातल्या चित्रात हुरड्यावर आलेल्या ज्वारीचा एक मळकट गुलाबी रंग असायचा. तो मी दर वर्षी शोधायची. आधी तो पट्ट्यांत दिसायचा, मग तुकड्यांत, मग दिसेनासा झाला. आपलं गाव दुरून, वरून, रोज बघायला मिळणारी माझ्यासारखी सासुरवाशीण विरळाच. पण वरून हाक मारता येत नाही.

हे सगळं प्रस्तावनेदाखल. मला लिहायचं आहे ते एका वाडीबद्दल.

मढच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या मधल्या टप्प्यावर सात-आठ घरांची धनगरांची वस्ती होती. तिचं खरं नाव लिहीत नाही, वरची वाडी म्हणते. खाली रस्त्याला गाव, तिथून तासाभराची चढण, आणि वर ही घरं. घरांभोवती दगडी ताली रचून केलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं. त्यांत भात, नाचणी, वरई. मागे गवताचा उतार, त्यावर मेंढरं. पूर्वी ही मंडळी कळप घेऊन लांब लांब फिरायची. आता बहुतेक शेतीवरच होती, दोन-तीन घरांत थोडी मेंढरं उरली होती.

मला ही वाडी भेटली ती पडद्यावर. तोवर चित्रं बरीच बारीक झाली होती. ठिपका घराएवढा राहिला नव्हता, घराचं छप्पर वेगळं दिसायचं. मी दोन लागोपाठच्या हिवाळ्यांची चित्रं शेजारी ठेवून पश्चिम जुन्नरचे उतार तपासत होते. घरांच्या वरच्या अंगाला मला एक फिकट, वाकडी रेघ दिसली. कापून पडलेल्या नखासारखी. पहिल्यांदा वाटलं, पायवाट असेल. पण पायवाट कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. ही रेघ कशालाच जोडलेली नव्हती. आधीच्या वर्षीच्या चित्रात ती होती, पण आखूड.

आमच्याकडे नियम होता, पडद्यावर शंका आली की जाऊन पाहायचं. त्याला आम्ही खातरजमा म्हणायचो. ऑफिसची जीप आणि तिचे चालक नाना यांच्या भरवशावर मी अशा शेकडो खातरजमा केल्या. नानांना उपग्रहाचं काडीचंही कौतुक नव्हतं. "वरून दिसलं तरी खाली आल्याबिगर तुमाला पटत न्हाई, मंग वर कशाला पाठवायचं त्याला?" असं ते दर खेपेला म्हणायचे.

वाडीवर पोचलो तेव्हा एक बाई झऱ्यावर हंडा भरत होती. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. आम्हाला पाहून तिनं हंडा खाली ठेवला.

"वाट चुकला का काय, बाई?"

मी म्हटलं, "नाही, तुमच्याकडेच आलेय." आणि छापील चित्र दाखवून रेघेवर बोट ठेवलं.

तिनं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि हसली. "ती व्हय? चला, दावते."

ती चिमाबाई. पुढची सगळी वर्षं माझ्या आयुष्याला चिकटून राहिलेली बाई मला अशी भेटली.

घरामागच्या उतारावर ती रेघ म्हणजे भेग होती. रुंदीला वीतभर, कुठे जास्त, पण दोन्ही काठांची माती खचून उघडी पडली होती, म्हणून ती वरून दिसली. तिच्यावर जागोजागी करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. कोकरांचे पाय अडकतात म्हणून, चिमाबाई म्हणाली. नानांनी एक खडा आत टाकला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही, किंवा आम्हाला ऐकू आला नाही.

"कधीपासून आहे ही?"

"हाय जुनीच. गेल्या पावसाळ्यात लांबली जरा. मालक म्हनत्यात, डोंगर आळस देतोय."

मालक म्हणजे तिचा नवरा, धोंडिबा. उंच, वाळकुडा माणूस, खांद्यावर घोंगडी. संध्याकाळी मेंढरं घेऊन आले तेव्हा भेटले. मी काळजीचं बोलू लागले तशी त्यांनी भेगेकडे न बघताच हात झटकला. "डोंगर काय मेंढरू हाय का बाई, उठून चालाया लागंल?"

मी परत येऊन अहवाल दिला. भूगर्भशास्त्रातले एक साहेब येऊन पाहून गेले. त्यांचं मत पडलं, की भेगेच्या खालचा सगळा उतार सुटा झालेला आहे आणि जोराच्या पावसात घसरू शकतो. वाडी पावसाळ्याआधी खाली न्यावी, असं ठरलं. ठरवणं सोपं असतं. ते सांगायला वाडीवर जायचं होतं, आणि साहेबांबरोबर मलाही बोलावलं होतं, कारण रेघ मी पाहिली होती.

बिरोबाच्या ठाण्यापुढे सगळी वाडी बसली. साहेब भले माणूस होते. त्यांनी फुगवून काही सांगितलं नाही. यंदा पडेल, दहा वर्षांनी पडेल, कदाचित पडणारही नाही, पण धोका मोठा आहे, असं स्वच्छ सांगितलं.

धोंडिबा म्हणाले, "म्हंजी तुमालाबी ठावं न्हाई."

"नक्की नाही," साहेब म्हणाले.

"मंग आमी कशापायी जायाचं? ह्या ताली माझ्या बापानं रचल्या. एकेक धोंडा त्या वढ्यातनं वर आनला. खाली कुनाच्या वावरात ऱ्हायाचं आमी? आन् मेंढरं? ती काय रस्त्यावर बांधायची?"

त्यांच्या प्रत्येक प्रश्नात तथ्य होतं. साहेब माझ्याकडे पाहू लागले, मी नकाशाकडे. तेवढ्यात बायकांतून चिमाबाईनं विचारलं, "बाई, तुमाला लेकरं किती?"

"एक मुलगी आहे."

"ती आज हितं मुक्कामाला असती, आन् बाहेर पाऊस लागला असता, तर तुमी तिला निजू दिली असती का ह्या घरात?"

मी खूप बोलू शकले असते. शक्यता, उतार, मातीतलं पाणी, सगळं मला पाठ होतं. पण तिनं एवढंच विचारलं होतं.

"नसती निजू दिली," मी म्हटलं.

चिमाबाई उठली, घरात गेली आणि फळीवरची भांडी खाली उतरवू लागली. तो आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. एकेक करत बाकीच्या बायका उठल्या. पुरुष बसून राहिले. धोंडिबांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढून घेतली आणि ते डोंगराकडे तोंड करून बसले.

वाडी उतरायला बरेच दिवस लागले. कौलं, वासे, जाती, कणग्या, सगळं डोक्यावरून आणि पाठीवरून खाली आलं. रस्त्याकडेला गायरानात पत्र्याच्या खोल्या बांधून दिल्या होत्या. सगळ्यांत शेवटी धोंडिबा आले. मेंढरं पुढे आणि ते मागे. नाना सांगत होते, की चढणीला कधी न थांबलेला माणूस उतरताना ठिकठिकाणी थांबत होता.

मग पाऊस सुरू झाला.

इथे आमच्या धंद्यातलं एक दुःख सांगायला हवं. सह्याद्रीवर जे काही घडायचं ते पावसाळ्यात घडतं. दरड पावसात पडते, ओढा पावसात पात्र बदलतो, आणि नेमके ते चार महिने आम्ही आंधळे असतो. उपग्रह रोजच्यासारखा सकाळी डोक्यावरून जातो आणि खाली त्याला नुसते ढग दिसतात. पडद्यावर पांढरं. मी पुण्यात बसून ते पांढरं बघायची. सगळ्या जगावर नजर ठेवणारं यंत्र माझ्या हाताशी होतं, आणि मला वरची वाडी दिसत नव्हती. शेवटी मी साधा फोन लावायची.

"चिमाबाई, पडला का?"

"न्हाई बाई. उभा हाय."

पाऊस धो धो कोसळला की मी फोन करायची, आणि दर वेळी हेच उत्तर. डोंगर उभा होता. पहिल्या वर्षी उभा राहिला, दुसऱ्या वर्षीही. दसऱ्यानंतर आकाश निवळलं की पहिलं स्वच्छ चित्र यायचं. मी आधी ती भेग शोधायची. तशीच असायची, नखासारखी.

खाली मात्र दिवस बदलत होते. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नव्हतं. मेंढरांना रान नव्हतं. माळशेजच्या रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांखाली काही गेली. मग धोंडिबांनी कळप हळूहळू कमी केला. पहिल्या वर्षी माणसं दिवसा वर जाऊन शेतं करून येत होती. दुसऱ्या वर्षी निम्मी गेली. एवढी चढण चढायची, काम करायचं आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा उतरायचं, हे तरण्या पोरांना परवडेना. त्यांना मढकडे, ओतूरकडे, कुठे कुठे कामं मिळाली. तालीचा एक दगड ढळला की तो तिथल्या तिथे परत बसवावा लागतो. रोज तिथं राहणारा माणूसच ते करतो. तो नसला की एकाचे दहा होतात.

हे मला कुणी सांगायच्या आधी चित्रात दिसायचं. भाताच्या वेळचे ते उजळ लाल पट्टे विरळ होत गेले. त्यांच्या जागी खरबरीत, मळका लाल रंग आला. म्हणजे झुडपं. टणटणी, करवंद, रानातून सरकत आलेली लहान झाडं.

खालच्या गावात लोक त्या भेगेला "मॅडमची भेग" म्हणू लागले होते. नानांनीच हे मला सांगितलं, हसत हसत, पण मग माझ्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत पावसाचा जोर वाढला की माझ्या मनात दोन गोष्टी एकदम यायच्या. डोंगर पडू नये असं वाटायचं, आणि पडला तर बरं, असंही वाटायचं. माणूस आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून काय काय मागेल याचा नेम नाही.

अशात, दुसऱ्या पावसाळ्यानंतर, एकदा धोंडिबा आणि चिमाबाई माझ्या ऑफिसात आले. धोंडिबांना खोकला लागला होता, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला आणलं होतं. परतीच्या गाडीला वेळ होता. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं, आणि काय दाखवावं ते न सुचून वाडीचं जुनं चित्र पडद्यावर उघडलं. वाडी उतरण्याआधीच्या हिवाळ्यातलं, खऱ्या रंगांतलं. त्यात झाड हिरवंच होतं.

छपरं दिसत होती. खळं दिसत होतं. वाळलेल्या गवताच्या उतारावर बारीक काळे ठिपके होते, कारळे सांडावेत तसे.

धोंडिबा वाकून बघू लागले. "हे काय?"

"तुमची मेंढरं असणार."

"माझीच," ते म्हणाले. "त्या अंगाला माझीच चरायची." मग म्हणाले, "मंग मीबी हितंच आसंन की."

मी चित्र मोठं केलं. मोठं करत गेलं की एका मर्यादेनंतर चित्र फुटतं, नुसते चौकोन उरतात. धोंडिबांचं बोट पडद्यावर फिरत होतं.

"मेंढरांच्या वरल्या अंगाला बघा. मी कायम वरल्या अंगाला उभा ऱ्हायचो."

तिथे एक ठिपका होता. माणूस असेल, झुडूप असेल, दगडही असेल. मी म्हटलं, "असू शकतं."

"आसू शकतं न्हाई. मीच हाय."

चिमाबाई म्हणाली, "चला आता, गाडी चुकंल." ते उठले नाहीत. स्वतःकडे बघत बसले होते. मी ते चित्र छापून गुंडाळी करून त्यांच्या हातात दिलं. जिना उतरताना त्यांनी ती घोंगडीच्या आत धरली होती, पावसापासून कोकरू धरावं तशी.

त्याच वर्षी हिवाळा सरता सरता धोंडिबा गेले. नानांकडून कळलं. मी जाऊन आले. चिमाबाईनं चूल पेटवली. मला चहा दिला. पत्र्याच्या त्या खोलीत दुपारी इतकं गरम होत होतं, की मला दुःखापेक्षा त्या खोलीचा राग जास्त आला.

आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात एका सकाळी माझा फोन वाजला. या वेळी तिनं केला होता.

"बाई, पडला."

मी एवढंच विचारलं, "कुणी वर होतं का?"

"न्हाई. कुनीच न्हाई."

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही गेलो. भेगेपासून सुटलेला उतार खरोखरच आला होता. माती, झाडं, घराएवढाले दगड. पण तो सरळ खाली आला नव्हता. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराची एक सोंड आहे. तिला अडून तो शेजारच्या ओढ्यात वळला आणि ओढा बुजवून थांबला. वाडीची जागा जशीच्या तशी होती. घरांची जोती, बिरोबाचं ठाणं, झरा, सगळं. चिखलाचा शिंतोडासुद्धा उडाला नसावा.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तुमची रेघ बरोबर होती, म्हणाले. बरोबर होती. आणि ती घरं उभी असती तर आजही उभीच असती, हेही तितकंच बरोबर होतं.

निवृत्तीच्या आधी मी केलेला शेवटचा मोठा नकाशा याच भागाचा होता. वरच्या वाडीचा तुकडा माझ्यासमोर आला, तेव्हा वाडी उतरून दहा-बारा वर्षं झाली होती. जुन्या नकाशात तिथे दोन नावं होती, शेती आणि वस्ती. आता तिथे वीस-पंचवीस हात उंच झाडं होती. मी लिहिलं, विरळ जंगल. दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतं. आमच्या यादीत पाण्याचे प्रकार आहेत, पडीक जमिनीचे प्रकार आहेत, माणसं निघून गेली अशा जागेला नाव नाही. सगळे तुकडे मिळून हिशेब निघाला तेव्हा पश्चिम जुन्नरमध्ये जंगल थोडं वाढलं होतं. एका वरिष्ठांनी फोन करून अभिनंदन केलं. चांगली बातमी फार कमी वेळा मिळते हो आपल्याला, ते म्हणाले. तेही खरंच होतं.

मागच्या वर्षी मी मढला गेले. नोकरी नाही, जीप नाही, नाना तर मुलाकडे नाशिकला. एसटीनं गेले. चिमाबाई आता वाकलीय, पण चालणं तसंच. पत्र्याच्या खोलीपुढे तिनं तुळस लावलीय, एक लहानशी पडवी काढलीय. नातवंडं खालच्या शाळेत जातात. मला बघून म्हणाली, "वर जायाचं का?"

"तुम्हाला झेपेल?"

"मला झेपंल. तुमचं बघा."

पायवाट राहिलीच नव्हती. ती पुढे आणि मी मागे, फांद्या बाजूला करत. ज्या जागेवर मी कधी उन्हात उभी राहून चित्र उलगडलं होतं, तिथे आता गार सावली होती. पाखरं बोलत होती. कुणी नवखा आला असता तर म्हणाला असता, काय सुंदर रान आहे. होतंच सुंदर.

तिच्या घराच्या जोत्यातून एक ऐनाचं झाड वर गेलं होतं. ती उंबऱ्याच्या दगडावर बसली आणि हातानं दाखवू लागली. "हितं चूल. हितं जातं. हितं कोकरं बांधायची, थंडीची. मालक त्या कोपऱ्यात निजायचे."

किती वर्षं जे विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. "चिमाबाई, मी तो नकाशा घेऊन आले नसते तर बरं झालं असतं का हो?"

तिनं पदरानं उंबऱ्यावरचा पाचोळा झाडला.

"डोंगर पडला. आमच्यावर न्हाई पडला. पडलाबी असता. त्याचं काय सांगायचं, बाई?" मग म्हणाली, "तुमाला एक सांगते. मालकाला कदी सांगितलं नव्हतं. ती भेग लांबली ना, तवापासनं पावसाळ्यात माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. लेकरांच्या अंगावर हात ठिवून बसायची मी. तुमी आला, तवा मला वाटलं, बरं झालं, कुनीतरी इचारायला आलं. म्हनून तर तुमाला लेकीचं इचारलं."

तिनं झाडलेल्या जागी मी टेकले.

"आता खाली पत्र्यावर केवढा पाऊस वाजतो. तरी मला गाढ झोप लागती," ती म्हणाली. "पन सपान पडतं ना, त्यात मी हितंच निजलेली आसते."

वारा पडला होता. खालून, रस्त्यावरून, एखाद्या गाडीचा आवाज येत होता, फार लांबून. आम्ही उठलो.

उतरताना एके ठिकाणी जुन्या तालीचा भाग झाडीतून वर आलेला होता, अर्धा ढासळलेला. चिमाबाई थांबली. खाली पडलेला एक दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला, खाचेत बसवला, हलतो का ते तळव्यानं दाबून पाहिलं आणि खाली दगडाची एक बारीक चीप सारली. मलाही राहवेना. मी शेजारचा एक उचलला. चांगलाच जड निघाला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "आता कोन पेरनार हाय हितं?"

मी दगड ठेवून दिला. ती पुढे झाली, आणि वळणावर पुन्हा वाकून तिनं आणखी एक बसवला.